तुझं लुगडं घेऊन येतेय

प्रिय आये,

गेलेल्या माणसाला हाक मारायची नसते, हे तूच मला शिकवलंस. म्हणून मी हाक मारत नाहीये, नुसतं लिहितेय. तोंडातून चकार शब्द काढलेला नाही. एवढी पळवाट तरी मला असू दे.

आज लिहायला बसले त्याचं कारण काल दुपारी माझ्या मोबाइलवर आलं. वॉर्डातली ड्रेसिंगं आटपून मी नुकता डबा उघडला होता, तेवढ्यात मधूदादाचा व्हिडिओ आला. एकट्या मला नाही, सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर. उघडून बघते तर तुझे हात! आपली चूल, आपलं बुडाला काळं झालेलं पातेलं, आणि तुझ्या लाल काठाच्या हिरव्या लुगड्यातून पुढे आलेले दोन हात कपांत चहा गाळतायत. मागे बासरी वाजतेय. खाली मोठी अक्षरं, ‘आईच्या हातचा चहा. या, आमच्या गावच्या घरी!’

तुझे नव्हते ते हात. तू गेलीस तेव्हा लावणी चालली होती, आणि आता भात झोडून कणगीत पडलंय. ते हात तुझ्या शेजारणीचे, रतनमावशीचे होते.

माझं काम तुला माहीत आहे. पालघरच्या दवाखान्यात मी सडलेल्या जखमा धुते, कुणी अंगावर ओकलं तरी तोंड वाकडं करत नाही. नव्या मुली नाकाला रुमाल लावून पळतात तेव्हा मीच त्यांच्यावर ओरडते. पण काल तोंडातला घास नुसता घोळत राहिला, खाली उतरेना. शेवटी बेसिनपाशी जाऊन थुंकून आले. किळस कशाला म्हणतात ते मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कळलं नव्हतं, सख्ख्या भावाने शिकवलं!

व्हिडिओच्या खाली वहिनीच्या लांबच्या बहिणींनी लाल बदाम पाठवलेत. तुला कधीच न पाहिलेल्या एकीने विचारलंय, ‘ही तुमची आई का? किती गोड!’ त्यावर दादाने जोडलेले हात पाठवलेत. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. असले जोडलेले हात बघितले की मला हल्ली ते कोपरापासून सोलून काढावेसे वाटतात. रागावू नकोस, तुझ्यापाशी नाही बोलणार तर कुणापाशी?

पण तुला पहिल्यापासून सांगायला हवं. तू गेल्यावर इकडे काय काय चाललंय, तुला कोण सांगणार?

थंडी पडली तसा दादाचा फोन आला. ‘सुमे, आई गेल्यापासून आपण सगळे मिळून गावी गेलोच नाही. एक फॅमिली ट्रिप करू. सकाळी महालक्ष्मी, मग डहाणूचा समुद्र, आणि दुपारचा चहा आपल्या घरी, झरीला. आईला किती बरं वाटेल!’ मला खरंच भरून आलं. वाटलं, दगडाला पाझर फुटला. ड्युटी बदलून घेतली आणि त्याच्या बोईसरच्या बिल्डिंगखाली सकाळी सकाळी जाऊन उभी राहिले.

मोठी पांढरी गाडी आली. पुढच्या सीटवर गॉगल लावलेला एक माणूस, मागे त्याची बायको. दादा ज्या ट्रॅव्हल कंपनीत आहे, तिचे मालक ते. दादा त्यांना साहेब म्हणतो आणि त्यांच्या बायकोला मॅडम.

‘ही कसली फॅमिली गं?’ मी वहिनीच्या कानात विचारलं.

‘साहेबांना आपलं गाव बघायचंय हो, वन्सं. ह्यांचं पुढचं सगळं त्यांच्यावर आहे. आज जरा सांभाळून घ्या ना,’ वहिनी म्हणाली. तिच्याकडे बघून मला वाईटही वाटलं. तिने नवी साडी नेसली होती आणि ती सारखी पदर सावरत होती.

चारोटीला वडापाव खाऊन आम्ही विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या देवळात गेलो. देवळाच्या पायरीवर उभा राहून दादा डोंगराकडे बोट दाखवत म्हणाला, ‘साहेब, लहानपणी आम्ही रोज हा डोंगर चढायचो.’ रोज! आये, चैतातल्या जत्रेला वर्षातून एकदा तू आम्हाला आणायचीस, आणि आमचा हा डोंगरवीर जिलेबी खाऊन तुझ्या पाठीवर ओकायचा. तू तशीच ओल्या पाठीने दर्शनाच्या रांगेत उभी राहायचीस. मी ते बोलून दाखवणार होते, पण वहिनीने माझं मनगट धरलं.

बाहेर एक बाई टोपलीत बोरं घेऊन बसली होती. मॅडमनी तिचे इकडून फोटो काढले, तिकडून काढले, ‘टोपली जरा मांडीवर घ्या ना’ म्हणाल्या, ‘हसा ना’ म्हणाल्या. ती बिचारी हसली. मग मॅडम मूठभर बोरंही न घेता गाडीत जाऊन बसल्या आणि हाताला सॅनिटायझर लावलं. टोपलीला स्पर्शसुद्धा केला नव्हता त्यांनी! मी बोरं घेतली. गाडीत एकटीने खाल्ली आणि बिया खिडकीतून थुंकत राहिले, मुद्दाम.

डहाणूच्या किनाऱ्यावर तर कहरच. सुरूच्या झाडांखाली साहेबांच्या खांद्याला खांदा लावून आपला मधू सांगत होता, ‘आई आम्हाला रविवारी इथे फिरायला आणायची.’

फिरायला! तू चिकूच्या वाडीत मजुरीला यायचीस. आम्ही दोघं खाली पडलेले चिकू गोळा करायचो. एकदा आमच्या हातांना एवढा चीक लागला, की बोटं एकमेकांना चिकटली. पाण्याने निघेना म्हणून तू आम्हाला समुद्रावर आणलंस आणि ओली वाळू घेऊन आमचे हात घासलेस. दादा रडत होता. तू म्हणालीस, ‘हात पांढरा होईतवर घासू दे, मग शाळेत जा.’ एवढंच आपलं फिरणं. तुला तर समुद्र आवडायचाही नाही, एवढं पाणी आणि त्यातलं घोटभर पिता येत नाही, म्हणायचीस.

‘दादा, तो चीक आठवतो का रे?’ मी सगळ्यांसमोर विचारलं.

त्याने मला बाजूला घेतलं. ‘सुमे, साहेबांसमोर कशाला असलं निगेटिव्ह? लोकांना गावाकडचं छान छान ऐकायचं असतं.’

निगेटिव्ह! तुझे वाळूने घासलेले हात निगेटिव्ह झाले, आये. मी पाठ फिरवून गाडीत जाऊन बसले. गाडी लागली असं मी वहिनीला सांगितलं.

बोर्डीच्या बाजूने आत वळून आम्ही झरीला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. घर लांबूनच चमकत होतं. ताजं सारवलेलं, कुडाच्या भिंतींना गेरू लावलेला, आणि त्यावर पांढऱ्या रंगात लग्नाचा चौक काढलेला! घरात लग्न कुणाचं? सुवासिनींनी गाणी म्हणत काढायचा चौक त्याने बाजारातला एक रंगारी लावून काढून घेतला होता. अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्च्या. खुर्च्यांना फुलांच्या माळा.

आणि आत, चुलीपाशी, तुझं लुगडं नेसून रतनमावशी बसली होती.

तुला आठवतं का गं, की तिकडे ते आठवत नाही? तुझ्या दिवसकार्याला पाड्यावरच्या बायांनी रतनमावशीला तुझ्या जागी बसवलं होतं. आपल्याकडे बसवतात तसंच. तुझं लुगडं नेसवलं, तुझ्या आवडीची सुक्या बोंबलांची आमटी आणि नागलीची भाकर तिच्या पुढ्यात ठेवली. त्या दिवसापुरती ती तू होतीस. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून सगळं बोलले. भांडले, रडले, तुझ्या शेवटच्या तापात मला कळवलं नाहीस म्हणून दोन शब्द सुनावलेसुद्धा. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. संध्याकाळी तिने लुगडं सोडलं, ओढ्यावर जाऊन धुतलं, आणि त्यानंतर कुणी तिला तुझ्या नावाने हाक मारली नाही. मारायची नसतेच. बोलावलेलं माणूस येतं, आणि आलं की बोलतं, म्हणून. गंमत म्हणून कुणी बोलवत नाही.

दादा त्या दिवशी उशिरा आला होता. दारातच उभा राहिला, कानाला फोन. मावशी त्याला तुझ्या आवाजात म्हणाली, ‘मधू, ये रं, बस. बोल काय तरी.’ त्याने हाताने खूण केली, नंतर. आणि नंतर तो गाडी पकडायला निघून गेला.

मग आता परत ती तुझ्या लुगड्यात कशी? मी तिच्यापाशी उकिडवी बसले. ‘मावशी, हे काय गं?’

‘तुज्या भावानां फोन केला,’ ती हळूच म्हणाली. ‘म्हनला, मावशे, माजां बोलायचां राहलां त्या दिशी. झोप नाय लागत. एकदा परत बसशील कं? मी म्हनलां, पोराचां राहलां आहे तं बसेन. देवाला कोंबडा कबूल केला, मंगच नेसले.’ मग तिची नजर अंगणातल्या खुर्च्यांकडे गेली, साहेबांच्या गॉगलकडे गेली. ‘हे लोक कोन गो?’

आये, चोर परवडला. दारुडा परवडला. झोप येत नाही असं सांगून तुझ्या मैत्रिणीला तुझ्या जागी बसवायचं, आणि समोर साहेबाला आणून बसवायचं! हा माझ्या पाठचा नाही, माझा मोठा भाऊ, ज्याच्या ताटातली भाकर आधी वाढली जायची. मला त्याच्याकडे बघवेना.

मावशीने तरी त्याला संधी दिली बघ. तो आत आल्यावर म्हणाली, ‘बस मधू. बोल, तुना बोलायचां व्हतां ना?’

दादा हसला. कसला हसला! हॉटेलातला वेटर हसतो तसा. ‘हो हो. आधी चहा टाक ना, मावशी… म्हणजे, आई. साहेब थांबलेत.’

साहेबांनी मोबाइल उभा धरला होता. ‘नॅचरल राहा, नॅचरल,’ ते म्हणाले.

मावशी चुलीकडे वळली. तिने पाणी ठेवलं, गूळ टाकला, आणि परसातून गवती चहाची पात तोडून आणून तिची गाठ मारली. तुझीच पद्धत. सुटी पात चहात पसरते आणि दातांत येते, गाठ मारली की चमच्याने एका झटक्यात बाहेर काढता येते. मी ती गाठ उकळत्या पाण्यात वरखाली होताना बघत बसले. घरभर तो वास सुटला आणि क्षणभर मला वाटलं, सगळे निघून जावेत, फक्त हा वास राहावा.

कप पुढे आला तशा मॅडम आत डोकावल्या. ‘हा ब्लॅक टी आहे का? दूध नाही?’

‘आहे ना, मॅडम!’ दादा ताडकन उठला. ‘घरची गाय आहे आमची. आईने आम्हाला तिच्याच दुधाचा चहा पाजलाय. थांबा, ताजं काढून आणतो. तुम्ही शूट करा.’

मी तोंड उघडायच्या आत तो तांब्या घेऊन गोठ्यात गेलासुद्धा.

आपली चांदी, तुझ्यामागे रतनमावशीने सांभाळलेली! जिच्या आचळाला वासराच्या तोंडाखेरीज काही लागलं नाही, ती चांदी! दूध वासराचं, ते मोठं होऊन आपला नांगर ओढणार, त्याच्या वाट्याचं आपण कसं प्यायचं, हे तू आम्हाला किती वेळा सांगितलंस. पाड्यावर आजही कुणी गाय पिळत नाही. आणि दादा पांढऱ्या पॅंटीत, तांब्या गुडघ्यांत धरून, तिच्या पोटाखाली सरकला.

एकच लाथ. तांब्या गेला उकिरड्यावर, आणि दादा शेणात बसला. तसा बसला की हातांनी टेकू घ्यायला गेला तर हातही शेणातच. खरं सांगू? मी हसले. पाड्यातल्या बाया कुंपणापाशी जमल्या होत्या, त्याही हसल्या. साहेबही हसले, आणि त्यांनी मोबाइल खाली केला नाही.

दादा तसाच, शेणाच्या हातांनी दारात आला. लाल झाला होता. ‘हिला काय झालंय? आई तर रोज काढायची!’

तेव्हा रतनमावशी बोलली. चुलीवरून नजर न उचलता, तुझ्या आवाजात. मला शपथ घालून विचार, आये, मला रतनमावशीचा आवाज कळतो. तो तिचा नव्हता.

‘मी कदीच नाय पिळली तिला. तू कालेजातलं दोस्त घेऊन यायचास. तुना कोऱ्या चहाची लाज वाटायची. मी तलासरीला चालत जायची, पिशवीचां दूध आणायची. पिशवी लुगड्यात गुंडाळून, पाड्याच्या मागल्या वाटेनां यायची, कोन बघील म्हनून. आन तुना सांगायची, आपल्या गायीचां आहे. तू दोस्तांना सांगायचास, आमचे गायीचां. तुजां तोंड कसां फुलायचां! म्हनून सांगायची.’

दादाच्या हातांवरून शेणाचं पाणी ठिबकत होतं.

‘मावशी, पुरे,’ तो म्हणाला.

‘आता मावशी कं? मगाशी आयस व्हते.’ तिने कप त्याच्यापुढे सरकवला. ‘हात धू, बस, पी. कोराच आहे. पी, मधू.’

आये, मी त्याच्याकडे बघत होते. एक क्षण त्याचा गुडघा वाकलाही. खरंच वाकला, मी खोटं सांगणार नाही. तेवढ्यात मागून साहेब म्हणाले, ‘वा! भाषा नाही कळली, पण काय इमोशन आहे! मधुकर, हे ठेवायचंच!’ आणि दादा सरळ झाला. ‘गावची माणसं साहेब, जरा भावुक असतात,’ म्हणाला आणि हात धुवायला विहिरीकडे निघून गेला. कप तिथेच राहिला. मी प्यायले तो. त्याच्या वाटणीचा.

संध्याकाळी मावशी ओढ्यावर गेली, लुगडं धुऊन आणून तिने दांडीवर वाळत घातलं. आम्ही निघालो. दुसऱ्या दिवशी तिचा फोन, ‘सुमे, लुगडां नाय गो दांडीवर.’ मला कळायला वेळ लागला नाही. ओलंच घडी करून नेलं होतं त्याने.

आणि काल तो व्हिडिओ. पुन्हा पुन्हा बघितला मी, किळस येत असूनही. मावशीचा चेहरा नाही, फक्त हात, आणि वर ओठांपासून हनुवटीपर्यंतचं तोंड. ओठ हलतायत. पण आवाज काढून टाकलाय, बोलणं पुसून तिथे बासरी भरलीय. ज्या जागी ओठ मिटून उघडतात, तिथे ती ‘पी, मधू’ म्हणत होती. लोकांना वाटतं, बाई गुणगुणतेय. आणि पुढच्या महिन्यापासून दर रविवारी पाहुणे येणार आहेत, चहाला, तुझ्या चुलीपाशी.

मी वहिनीला फोन केला. म्हटलं, रतनमावशी परत बसणार नाही, मेली तरी बसणार नाही. वहिनी चाचरत म्हणाली, ‘त्यांना नाही बसवायचं हो, वन्सं. ह्यांनी कासाच्या बाजारातली एक बाई बघून ठेवलीय. बोलायला चांगली आहे. लुगडं तेच वापरणार आहेत, दिसायला छान दिसतं म्हणून.’

एक परकी बाई, जी तुला कधी भेटलीही नाही! दर रविवारी तुझं लुगडं नेसणार, तुझ्या चुलीपाशी बसणार, आणि येईल तो ऐरागैरा तिला आई म्हणणार! दर रविवारी तुला हाक! तू तिकडे टेकणार तरी कधी?

म्हणून आज सकाळी मी बोईसरला दादाच्या घरी गेले. विचारलं नाही, बोलले नाही, सरळ आतल्या खोलीत गेले. लुगडं कपाटात हँगरला टांगलेलं होतं. इस्त्री केलेलं! वर प्लॅस्टिकची पिशवी, लॉन्ड्रीची चिठ्ठी टाचलेली. नाकाशी धरलं तर अत्तरासारखा काहीतरी गुलाबी वास. ओढ्यात धुऊनही न गेलेला तुझा धुराचा, घामाचा, तंबाखूचा वास त्या लोकांनी वाफेने काढून टाकला. प्रेत धुतात तसं धुतलं गं त्यांनी तुला.

दादा दारात येऊन उभा राहिला. ‘सुमे, ठेव ते.’

‘नाही.’

‘माझीसुद्धा आई होती ती.’

‘होती ना? मग त्या दिवशी बोलला का नाहीस? दोनदा बसवलं मावशीला. दोन्हीदा का नाही बोललास?’

त्याने लुगड्याचं एक टोक धरलं. ओढलं नाही, नुसतं धरून राहिला. त्याच्या नखांकडे माझं लक्ष गेलं. स्वच्छ, गोल कापलेली. मग तो खाली बघत म्हणाला, ‘कोऱ्या चहात ती काय घालायची गं? मी घरी करून बघितला. तसा लागत नाही.’

आये, हे तो स्वतःसाठी विचारत होता, की त्या कासाच्या बाईला शिकवण्यासाठी? मी त्याच्या तोंडाकडे खूप वेळ बघितलं, मला कळलं नाही. ज्याने झोप येत नाही असं सांगून मावशीला फसवलं, त्याचं खरं रडं मी ओळखू कसं? मी सांगितलं नाही. टोक सोडवून घेतलं आणि जिना उतरले. वहिनी मागून धावत आली. मला वाटलं लुगडं परत मागणार, तर तिने माझ्या पिशवीत पाण्याची बाटली आणि दोन पोळ्या कोंबल्या आणि वर गेली.

आता एसटी स्टँडवर बसलेय, तलासरीच्या गाडीची वाट बघत. लुगडं मांडीवर आहे, प्लॅस्टिक काढून टाकलंय.

रागावू नकोस, पण तुलाही एक विचारायचंय. का गं खोटं बोललीस त्याच्याशी? दादाचे दोस्त आले की दुधाचा चहा व्हायचा, आणि मला वाटायचं, त्याच्यासाठी तू चांदीच्या आईला पिळलंस. किती वर्षं मी मनात धरून होते, की माझ्यासाठी तू कधी नियम मोडला नसतास. आणि तू तर उन्हात तलासरीपर्यंत चालत जात होतीस! नियमही मोडला नाहीस आणि पोराचं मनही मोडलं नाहीस. आणि झालं काय? त्याला एकदा तोंडावर सांगायचं होतंस ना, की आम्ही कोराच पितो, तुझ्या दोस्तांना चालत असेल तर बस म्हणावं! त्याची लाज तू लुगड्यात गुंडाळून लपवलीस, आणि आता तो तेच लुगडं बाहेर टांगून बसलाय. सगळा दोष त्याचा नाही म्हणत मी. पण थोडा तुझाही आहे. तू लाडावलंस त्याला. मला कधी लाडावलं नाहीस, म्हणून मला कोरा चहा गोड लागतो.

गाडी लागली बहुतेक. लोक उठतायत.

आये, शब्द देते. आज संध्याकाळी मी आणि रतनमावशी ओढ्यावर जाऊ, हा गुलाबी वास जाईपर्यंत लुगडं दगडावर आपटू, आणि मग ते मावशीच्या घरी, तिच्या कपड्यांत राहील. तुला पुन्हा कुणी बसवणार नाही. भिंतीवरच्या चौकावर मी स्वतः शेणाचा हात फिरवीन. आणि रविवारी पाहुण्यांची गाडी आली, तर दारात मीच असेन. चहा मिळेल, कोरा. आई कुठाय असं विचारलं, तर गेली म्हणून सांगेन.

आणि दादा कधी एकटा आला, साहेब नाही, मोबाइल नाही, तर त्याला परसात नेईन, पात तोडायला लावीन आणि गाठ कशी मारायची ते दाखवीन. तोवर नाही. तोवर त्याला तसाच बेचव चहा पिऊ दे.

यापुढे मी तुला लिहूनसुद्धा बोलावणार नाही. निवांत अस.

जिने त्या दिवशी सगळं बोलून घेतलं, ती तुझी लेक,
सुमन